खंबीर बाईला विचारायचं कसं?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका फार खंबीर असतात, असं कौतुकाने म्हटलं जातं. आज त्या कौतुकाबद्दलच बोलू, कारण दवाखान्यात नैराश्य निसटतं ते बऱ्याचदा तिथेच.

परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या गटचर्चांवरून 'सुपरवुमन स्कीमा', म्हणजे सगळं पेलणाऱ्या बाईचा मनात बसलेला साचा, मांडला. त्यात पाच गोष्टी येतात: खंबीर दिसलंच पाहिजे, भावना दाबल्याच पाहिजेत, कुणावर अवलंबून राहायचं नाही, हाताशी काही नसलं तरी यशस्वी व्हायचं आणि आधी दुसऱ्यांचं बघायचं. हा स्वभावदोष नव्हे. १८४०च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, ल्यूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. कृष्णवर्णीयांना दुखतं कमी, हा समज वैद्यकात पुढेही टिकला. सांगून कुणी ऐकत नसेल तर माणूस सांगणं सोडतो, इतकं ते साधं आहे.

आणि हा खंबीरपणा सरसकट घातकही नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या स्त्रियांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वंशभेदाच्या ताणाने शरीराची होणारी झीज मोजली होती. खंबीर दिसणं आणि भावना दाबणं यांनी उलट थोडं संरक्षण दिलं. झीज वाढवली ती यशाच्या हट्टाने आणि सगळ्यांचं करत राहण्याच्या बांधिलकीने. म्हणून 'मन मोकळं कर, रड' हा सल्ला मला उथळ वाटतो. आधी तिच्या पाठीवरचं ओझं विचारा.

आता तपासणी. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की सविस्तर मुलाखत. वेळ वाचवायला अनेक ठिकाणी पहिले दोनच विचारतात: कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. सहापैकी तीन गुण झाले तरच पुढचे सात. घोळ इथे होतो. समजा, ती दोन्हींना 'छे, तसं काही नाही' म्हणते. शून्य गुण, कागद बंद. झोपेचे तीन, थकव्याचे तीन, भुकेचे दोन, लक्ष न लागण्याचे दोन असे दहा गुण पुढच्या प्रश्नांत होते, ते कुणी विचारलेच नाहीत. शिवाय डोकेदुखी आणि चिडचिड यांना या नऊ प्रश्नांत स्वतंत्र जागाच नाही.

म्हणून नऊच्या नऊ विचारा, आणि त्याआधी शरीराचं: रात्री किती वाजता जाग येते? डोकं कधी दुखतं? घरात कुणाकुणाचं करावं लागतं, आणि तुम्ही आजारी पडलात तर ते कोण करतं? या शेवटच्या प्रश्नावर ती थांबली तर मध्ये बोलू नका. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे एक गुण जरी आला तरी त्याच भेटीत विचारा: काही ठरवलंय का, साधन घरात आहे का. ९८८ हा मदतक्रमांक तिकडे जुलै २०२२ पासून सुरू आहे. पण नंबर हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, तिच्यासमोर बसून फोन लावायचा.

समुपदेशक कृष्णवर्णीय हवी का, हेही विचारावं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय शेकडा पाचच्या आसपास, त्यामुळे थांबावं लागतं. तोवर पुढच्या भेटीची तारीख तिथल्या तिथे लिहून द्या, तिच्या कामाच्या पाळीनंतरची. आणि मुलं बरोबर आणली तरी चालतील हे आपणहून सांगा.