उच्चारात कॅपिटल नसतं

तर्री-पोहे खाऊन बसलेल्या मंडळींपुढे ऑटोलोडिंगवर, म्हणजे लागेल ती कोडची फाइल आपोआप शोधून उचलण्यावर, बोलायचं म्हणजे जोखीमच. म्हणून माझ्या फजितीपासूनच सुरू करतो.

कळमन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी पीएचपीत बिलिंगचं ॲप केलं होतं. धरमपेठेत माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळं झकास. लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच पानावर ‘क्लास नॉट फाउंड’, म्हणजे कोडचा हवा तो तुकडा, क्लास, सापडेना. सोबतच्या पोराला फोन लावला, म्हटलं, सर्व्हरवरचा पाथ, फाइलचा पत्ता, वाच. तो म्हणाला, ‘ॲप, मॉडेल्स, इन्व्हॉइस.’ माझ्या पुढ्यातही तेच. तीनदा वाचून घेतलं. मग ट्यूब पेटली: फोल्डरचा एम लहान आणि नेमस्पेसमधला, म्हणजे कोडमध्ये क्लासच्या नावाआधी लागणाऱ्या आडनावातला, मोठा. फोनवर ते ऐकू कसं येणार? आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, कानाला ती सवयच नाही.

विंडोज म्हणजे आपल्या नागपूरच्या महाल भागातला जुना पोस्टमन. पत्त्यावर बर्डी लिहा, सीताबर्डी लिहा, पत्र पोचतंच. लिनक्स मात्र अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. मॅकवाल्यांनी हसू नये, त्यांची डिस्कही मूळ सेटिंगमध्ये विंडोजसारखीच वागते.

क्लासच्या नावावरून त्याची फाइल कुठे शोधायची, याचा पीएसआर-४ हा नियम २०१३ चा. कंपोझरला, म्हणजे पीएचपीत ऑटोलोडिंग सांभाळणाऱ्या टूलला, सांगायचं, अमुक नेमस्पेस म्हणजे अमुक फोल्डर; पुढचा पत्ता तो क्लासच्या नावावरूनच रचतो. शेजारीपाजारी चौकशी करत नाही. आधीच्या पीएसआर-० मध्ये क्लासच्या नावातला अंडरस्कोरसुद्धा फोल्डर समजला जायचा. २०१४ मध्ये तो मोडीत निघाला, पण जुना कोड हाती आला की ही आठवण ठेवा.

खरी मेख पुढे आहे. खुद्द पीएचपीला क्लासच्या नावातलं लहान-मोठं चालतं. त्यामुळे कोणता क्लास वापरायचा ते सांगणाऱ्या ‘यूज’च्या ओळीत चुकीचा एम असला, तरी तो क्लास त्या रिक्वेस्टमध्ये आधीच कुणी नीट लोड केला असेल तर पान बिनबोभाट उघडतं. दुसरं पान मात्र कोसळतं. ‘कधी चालते, कधी नाही चालत’ अशी तक्रार आली की मी आधी तिथेच बघतो.

त्या रात्री मी शहाणपणा केला: सर्व्हरवर जाऊन फोल्डरचं नाव हातानं बदललं. ॲप चाललं. आठवड्यानं लॅपटॉपवरून नवा कोड चढवला, तो गेला लहान एमच्या नव्याच फोल्डरात. ॲप मोठ्या एमच्या जुन्यातूनच चालू! व्यापारी म्हणतो, ‘भाऊ, दुरुस्ती केली म्हणता, बिल तर तसंच निघून राहिलं ना!’

आता नाव लॅपटॉपवरच बदलतो. विंडोजवरच्या गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलला, नुसता एम बदललेला कळत नाही, म्हणून नाव बदलायची ‘गिट एमव्ही’ ही आज्ञा दोनदा: आधी भलतंच तात्पुरतं नाव, मग खरं, मग कमिट, म्हणजे नोंद पक्की. त्यावर ‘कंपोझर डंप-ऑटोलोड -ओ’, म्हणजे क्लासची यादी नव्यानं बनते. कंपोझर २ नियमात न बसणारा क्लास नावानिशी सांगतो आणि वगळतो. आणि हो, सर्व्हरवरचं ते जुळं फोल्डर काढायला विसरू नका, मी विसरलो होतो.