दुपारनंतर जड होणारे स्टिअरिंग

बेळगावहून खानापूरकडे निघाले, की उद्यमबाग मागे पडते आणि पिरनवाडी, मच्छे अशी गावे लागतात. उद्यमबागेत फाउंड्रीचे ओतकाम चालते, क्रँकशाफ्ट तासले जातात, हायड्रॉलिक सिलिंडर बनतात. त्यामुळे जड यंत्राचा झिजलेला भाग भरून, तासून, घासून देणारा कारागीर या परिसरात शोधत फिरावे लागत नाही. नेमका कोणता भाग बिघडला आहे हे पाना उचलण्याआधी ठरवणारी माणसे मात्र सगळीकडेच थोडी असतात, आणि आज आपण अशाच एका मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये आलो आहोत.

समोर उभा असलेला पिवळा व्हील लोडर चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यातून ट्रेलरवर चढवून आणला आहे. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, ढिगाऱ्यातून पुढच्या बकेटने उचलून बॉयलरकडे लोटायचे काम तो गाळप हंगामात रात्रंदिवस करतो. सोबत आलेल्या चिठ्ठीवर तीन तक्रारी लिहिल्या आहेत: इंजिन गरम होते, लोड घेत नाही, स्टिअरिंग जड आहे. खाली उपायही सुचवला आहे, तो म्हणजे स्टिअरिंग युनिट बदलावे. मेस्त्रींनी चिठ्ठी वाचून खिशात ठेवली आणि ऑपरेटरला शेजारी बसवून घेतले.

ऑपरेटर कन्नड बोलणारा आहे. “मेस्त्री, स्टिअरिंग गट्टी आगेती,” एवढेच तो आधी म्हणाला. इथल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण मेस्त्रींना केवळ ‘जड झाले’ हे पुरेसे नव्हते. “कधीपासून जड होतंय, अण्णा? सकाळी चालू केल्या केल्या, का तापल्यावर? मोकळी गाडी वळवताना, का बकेट वर घेताना?” असे ते एकामागून एक विचारत राहिले. सकाळच्या पाळीचे पहिले दोन तास यंत्र हलके चालते. अकराच्या सुमारास तापमानाचा काटा वर सरकतो. मग इंजिनचा दम जातो. त्यानंतर स्टिअरिंग जड होते, आणि ढिगाऱ्याजवळ बकेट उचलत वळायला गेले, की ते जवळजवळ अडतेच. वीस मिनिटांच्या या बोलण्यातून निष्पन्न झालेला हा क्रम चिठ्ठीवर कुठेच नव्हता. मेस्त्रींच्या मते निम्मे निदान इथेच झाले होते, आणि पुढे जे दिसले त्यावरून आम्हालाही ते पटले.

स्टिअरिंग युनिट खराब असते, तर ते सकाळीही खराबच असते. जो दोष थंड यंत्रात दिसत नाही आणि तापल्यावर दिसतो, त्याचा माग उष्णतेकडूनच काढावा लागतो. हायड्रॉलिक ऑइलच्या डब्यावरचा ४६ हा आकडा त्या ऑइलचा ४० अंश सेल्सिअसला असलेला दाटपणा सांगतो. तेच ऑइल १०० अंशांवर गेले, तर तो आकडा जेमतेम ७ च्या आसपास उतरतो. पातळ झालेले ऑइल पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या बारीक फटींतून आतल्या आत निसटू लागते, आणि ज्या पंपाची थोडी झीज सकाळी कोणाच्या लक्षातही येत नाही, त्याच पंपाकडून दुपारी पुरेसे ऑइल पुढे जात नाही. म्हणजे इंजिन तापणे आणि स्टिअरिंग जड होणे या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच कारणाची दोन टोके असण्याची शक्यता होती.

मागचे झाकण उघडल्यावर ते कारण डोळ्यांसमोर आले. या यंत्रात हायड्रॉलिक ऑइलचा कूलर, टर्बोने (इंजिनमध्ये जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाने) दिलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि इंजिनचा रेडिएटर जवळजवळ उभे असतात. बाहेरची जाळी रोज झाडली जात असल्यामुळे वरून सगळे स्वच्छ दिसत होते. मेस्त्रींनी कूलरचे बोल्ट सैल करून तो बाजूला झुकवला, तेव्हा दोन थरांमधल्या बोटभर जागेत बगॅसचे तंतू, धूळ आणि ऑइलचा ओलावा मिळून झालेला नमद्यासारखा जाड थर त्यांनी हाताने सोलून काढला. त्याचा एक तुकडा त्यांनी उजेडासमोर धरला. त्यातून सूर्यही दिसत नव्हता. ज्या पंख्याने हवा खेचायची, त्याला ती मिळणार कुठून?

स्वच्छता करताना हवा ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने कॉम्प्रेसरची हवा मारावी लागते, नाहीतर कचरा आणखी आत रुतून बसतो. नोझल फार जवळ धरले, तर पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची अरुंद होते. बगॅसच्या यार्डात या कामाला दुसरेही महत्त्व आहे, कारण हा चोथा बॉयलरचे जळण आहे आणि तापलेल्या टर्बोच्या आजूबाजूला साचलेला तोच कोरडा चोथा पेट घेऊ शकतो.

रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडायचे, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, तरी त्याच झाकणाकडे दुर्लक्ष होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी ९७ ते ९८ अंशांनाच उकळते. झाकणाची स्प्रिंग आणि रबर आतला दाब धरून ठेवतात, म्हणूनच कूलंट त्याहून जास्त तापमानाला न उकळता फिरत राहते. झिजलेले झाकण दाब सोडून देते आणि चांगल्या इंजिनलाही उकळी फुटते. या लोडरचे झाकण मेस्त्रींनी दाब देऊन तपासले आणि ते ठीक निघाले.

आता इंजिन लोड का घेत नव्हते, याकडे येऊ. १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज चारचे धूर-प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि या वर्गातल्या नव्या यंत्रांमध्ये कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच पाइपातून मोठ्या दाबाने डिझेल देणारे) इंजिन व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सर्रास आले. तापमान मर्यादेबाहेर गेले, की ही व्यवस्था डिझेल कमी करून इंजिनची ताकद स्वतःहून उतरवते. ऑपरेटरला तो बिघाड वाटतो. वस्तुतः ते इंजिनने स्वतःचे केलेले रक्षण असते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला, की सेन्सर काढून टाकावा किंवा वायर तोडावी, असा सल्ला देणारे लोक भेटतात. तो सल्ला मानल्यावर ताकद परत येते आणि काही दिवसांत हेड गॅस्केट किंवा पिस्टन जातो, हे या गॅरेजने पुष्कळदा पाहिले आहे.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनमध्ये अशी खूण मिळत नाही. तिथे धूर बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. काळा धूर दिसताच डिझेल फवारणारे इंजेक्टर उतरवणाऱ्यांनी आधी एअर फिल्टर पाहावा. बाहेरचा फिल्टर आतून बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाने फुंकता येतो. आतला लहान सुरक्षा फिल्टर मात्र साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. खानापूरच्या तांबड्या मातीची धूळ एकदा त्याच्या पलीकडे गेली, की सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासायला तिला वेळ लागत नाही.

जांबोटी, कणकुंबी या भागात पावसाळ्यात काम करणाऱ्या यंत्रांची तक्रार निराळी असते. तिथे डिझेल बॅरलमधून हातपंपाने भरले जाते आणि उघड्यावर उभ्या बॅरलच्या झाकणावर साचलेले पाणी रात्रीच्या गारव्यात आत ओढले जाते. सकाळी वॉटर सेपरेटरच्या तळाची चावी सैल करून पाणी काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बार (बार हे दाबाचे एकक) किंवा त्याहून अधिक असतो, आणि तिथे पाण्याचा थेंब पोहोचला, तर इंजेक्टर निकामी होतो. इंजिन चालू असताना या पाइपांचे नट सैल करून ‘एअर काढण्याची’ जुन्या इंजिनांवरची सवय इथे जिवावर बेतू शकते.

लोडर पुन्हा जोडून दोन तास मातीच्या ढिगावर चालवला. तापमान वाढले नाही, ताकद परत आली आणि मोकळे वळताना स्टिअरिंग हलके राहिले. पण बकेट उचलत वळायला गेले, की ते अजूनही अडत होते. उष्णतेने तक्रारीचा मोठा भाग समजला होता, सगळा नाही.

या यंत्रात स्टिअरिंगचे चाक आणि रस्त्यावरची चाके यांच्यामध्ये लोखंडी दांडा नाही. चाक फिरवले, की ऑर्बिट्रॉल नावाचे युनिट, म्हणजेच चिठ्ठीतले स्टिअरिंग युनिट, मोजून तेवढेच ऑइल सिलिंडरकडे पाठवते आणि सिलिंडर यंत्राला मधल्या सांध्यात वाकवतो. पंपाचे ऑइल बकेटलाही लागते, म्हणून वाटेत प्रायोरिटी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. स्टिअरिंगला लागेल तेवढे ऑइल आधी द्यायचे आणि उरलेले बकेटकडे सोडायचे, हे त्याचे काम. बकेट उचलताना स्टिअरिंग उपाशी राहत असेल, तर संशय कोणावर घ्यायचा हे उघड आहे. तरीही मेस्त्रींनी तो लगेच उघडला नाही.

सर्वप्रथम मधल्या सांध्याचा लॉक बार, म्हणजे सांधा हलू न देणारा दांडा, लावला गेला. हा बार न लावता सांध्याजवळ वाकलेल्या माणसाला, यंत्र नुसते हलले तरी, बाहेर निसटायला जागा उरत नाही. ऑइलची रबरी नळी, म्हणजे होज, कुठे गळतो का हे पाहताना मेस्त्रींनी बोट न फिरवता पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवला. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारे ऑइल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण काही तासांतच शस्त्रक्रियेची वेळ येते. आपल्याकडे हा धोका फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून तो इथे आवर्जून सांगतो आहोत.

मग दाब मोजणारा गेज लावला आणि, सांध्याला वाकायला मोकळीक नको म्हणून, लॉक बार होता तसाच ठेवून चाक एका बाजूला दाबून धरले. यंत्राच्या पुस्तकात १७५ बार दाब दिला होता. बकेट स्थिर असताना गेजने १७२ दाखवले. याचा अर्थ पंप दाब देतो आहे आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्हही शाबूत आहे. बकेट उचलण्याचा दांडा ओढताच काटा ९० पर्यंत घसरला. स्टिअरिंग युनिटमध्ये आतून गळती असती, तर दांडा न ओढताही दाब चढला नसता. ज्या युनिटला बदलण्याची शिफारस चिठ्ठीत होती, ते त्या एका काट्याने निर्दोष ठरवले.

स्टिअरिंगची गरज व्हॉल्व्हला कळवणारी बारीक लाइन आधी तपासली. तिचे छिद्र मोकळे होते. शेवटी व्हॉल्व्हचा स्पूल बाहेर आला. करंगळीएवढ्या त्या चकचकीत दांड्यावर लांबट ओरखडे होते आणि खोबणीत काळसर, चिकट गाळात अडकलेले दोन तंतू. ते बगॅसचेच होते. यार्डात उघड्या डब्यातून ऑइल भरताना ते आत गेले असणार. मेस्त्रींनी पॉलिश पेपर हाती घेतला नाही, कारण स्पूल आणि त्याचे भोक यांच्यातली फट केसाहून बारीक असते आणि एकदा घासून वाढवलेली फट परत मिळत नाही. स्वच्छ डिझेलमध्ये दोन्ही धुतले, हवेने सुकवले, नवे ऑइल लावले आणि व्हॉल्व्ह उभा धरून स्पूल वर टेकवून सोडून दिला. कोणताही धक्का न देता, स्वतःच्याच वजनाने, तो सावकाश आत उतरत गेला. ते पाहून मेस्त्रींनी मान हलवली आणि नवे सील बसवायला घेतले.

पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेल्या बॅकहो लोडरचे स्टिअरिंग जड असेल, तर हायड्रॉलिककडे वळण्यापूर्वी पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाके हाताने हलवून पाहावीत. पावसाळ्यात चिखलात राहिलेले आणि ग्रीस न मिळालेले, चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनचे बुश कोरडे पडतात आणि त्याचा दोष पंपावर येतो. चोर्ला घाटातून यंत्र उतरवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. इंजिन बंद पडले, की पंप थांबतो आणि ऑर्बिट्रॉल केवळ हातपंपासारखा चालतो; चाक फिरते, पण दोन्ही हातांचे बळ लावावे लागते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून यंत्र सोडणे म्हणजे वळणावर स्टिअरिंग हातचे घालवणे आहे.

संध्याकाळी हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टर बदलून झाले आणि लोडर पुन्हा गेजवर घेतला. बकेट उचलताना काटा १७० वर टिकला. मेस्त्रींनी वहीत तारीख, तास आणि तिन्ही वेळचे दाब लिहिले. ऑपरेटरला त्यांनी दोन कामे नेमून दिली: पाळी संपताना कूलर झुकवून मधली फट फुंकायची, आणि ऑइल भरताना गाळणी असलेले झाकणाचे भांडे वापरायचे. ऑपरेटरने कूलरचे बोल्ट कोणत्या पान्याने सुटतात ते विचारून घेतले, स्वतः एकदा सोडून पाहिले, आणि लोडर ट्रेलरवर चढवला.