चित्र पाहताना नजर काय शोधते?

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यातील मराठी घरांना चित्रांचा सहवास नवा नाही. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून राजवाड्यासाठी चित्रे करवून घेतली. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती १९३९ ते १९४६ या काळात नंदलाल बोस यांनी रंगवल्या. पुढे विद्यापीठात ललितकलेचे शिक्षण सुरू झाले आणि इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवू लागले. तरीही पाहुण्यांना कीर्तिमंदिर दाखवायला नेणारे आपल्यातील पुष्कळजण 'आपल्याला बुवा चित्रांतले काही कळत नाही' असे म्हणून लगबगीने बाहेर पडतात. ते आपल्या जाणकारीला दोष देतात. मला दोष पाहण्याच्या रीतीत दिसतो.

अल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण वापरून, इल्या रेपिन यांचे एक चित्र पाहणाऱ्याची नजर नोंदवली. दीर्घ काळानंतर अचानक घरी परतलेला माणूस आणि चकित झालेले कुटुंबीय, असा त्या चित्राचा विषय आहे. माणसांची वये सांगायची असताना नजर चेहऱ्यांवर घुटमळली. घरची सांपत्तिक स्थिती विचारताच ती कपड्यांकडे आणि सामानाकडे वळली. चित्र तेच होते, पाहणाराही तोच होता, परंतु प्रश्नाबरोबर नजरेची वाट बदलली. तेव्हा चित्रासमोर गोंधळणारा मनुष्य अरसिक असतोच असे नाही. बहुधा त्याच्या नजरेला कोणी काही काम दिलेले नसते. शैलीचे नाव काय, हा परीक्षेतला प्रश्न त्या कामाचा नव्हे. कीर्तिमंदिरातील महाभारत-युद्धाच्या भिंतीसमोर, ही धावपळ कोणत्या रेषांमुळे भासते, एवढेच शोधून पाहावे.

वारंवार पाहिल्याने आवड वाढते, असे मानसशास्त्र सांगते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये हे मांडले. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, बाजारात तुफान खपलेली अमेरिकी चित्रकार थॉमस किंकेड यांची चित्रे पुन्हापुन्हा दाखवल्यावर प्रेक्षकांची पसंती उलट घटली. एकोणिसाव्या शतकातील नामवंत इंग्रज चित्रकार जॉन मिले यांच्या चित्रांबाबत तसे झाले नाही. सहवासाने चित्रातला कच्चेपणाही उघडा पडत असावा, असा त्या संशोधकांचा तर्क आहे, आणि मला तो पटतो.

म्हणून कीर्तिमंदिरात पुढच्या खेपेस चारही भिंती उरकू नयेत. एकीसमोरच एखादा प्रश्न घेऊन थांबावे आणि गंगावतरण, मीराबाई किंवा रवींद्रनाथांच्या नाटकावरील नटीर पूजा यांपैकी जे राहील, त्यासाठी पुन्हा यावे.