काशीस जावे, नित्य वदावे

मंडळी, नमस्कार.

‘काशीस जावे, नित्य वदावे’ हे वचन तुम्ही ऐकलं असेल. जाणं जमो न जमो, जायचंय असं रोज म्हणत राहावं. त्या म्हणण्याचंही पुण्य लागतं, अशी श्रद्धा. मी सहली आखण्याच्या आणि नेण्याच्या कामात आहे, त्यामुळे हे नित्य वदणं माझ्या कानांवर सारखं पडतं. काशीच्या जागी कधी लडाख असतं, कधी नर्मदा परिक्रमा, कधी स्वित्झर्लंड. ‘यंदा मुलाची दहावी आहे हो, पुढच्या वर्षी नक्की.’ दहावीनंतर बारावी येते, मग प्रवेश, मग लग्न, मग नातवंड, आणि मग गुडघे. ही माणसं आळशी नसतात, खोटंही बोलत नसतात. मग अडतं कुठे?

काहींचं खरोखरच पैशावाचून अडतं. काहींच्या घरी आईवडील अंथरुणाला खिळलेले असतात. त्यांना मी काहीही सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. मी बोलतेय ते ज्यांचे घराचे हप्ते फिटलेत, घरची माणसं धडधाकट आहेत आणि तरी ज्यांची बॅग माळ्यावरून खाली येत नाही, त्यांच्याबद्दल.

पूर्वीची काशीयात्रा डोळ्यांपुढे आणा. कोकणातून किंवा देशावरून निघालेला माणूस महिनोन्‌महिने वाटेवर असायचा. चोरांची भीती, पटकीची भीती, नद्यांना पूर. परत येण्याची खात्री नाही. म्हणून निघण्याआधी निरवानिरव व्हायची. मुलींची लग्नं उरकायची, देणी फेडायची, पोराच्या हाती व्यवहार द्यायचा. आधी संसार, मग यात्रा, हा क्रम त्या काळात शहाणपणाचाच होता. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८७० साली मुंबईहून जबलपूर-अलाहाबादमार्गे थेट कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले. महिन्यांची वाट दिवसांवर आली. मनातला क्रम मात्र तिथेच राहिला. नोकऱ्या आल्या, निवृत्ती आली, तेव्हा यात्रेची ती जुनी जागा आपण निवृत्तीला देऊन टाकली. ‘रिटायर झाल्यावर बघू’ हे वाक्य नव्या काळातलं वाटतं, पण त्याच्या मुळाशी ती चालत जायची काशी आहे, असं मला वाटतं.

आणि नोकरीनेही या थांबण्याला बक्षीस ठेवलंय. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. न वापरलेली रजा साठवायची आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे घ्यायचे. मी त्या तरतुदीच्या विरोधात नाही. त्या रकमेवर कितीतरी घरांचे खर्च भागलेत. पण तिचा मनावर काय परिणाम होतो तो पाहा. पस्तिशीतला माणूस आठ दिवसांची रजा मागताना मनात हिशोब करतो की हे आठ दिवस मी खर्च करतोय. रजा घेणं हेच नुकसान वाटायला लागतं. ३०० दिवस म्हणजे जवळजवळ दहा महिने. चांगल्या पायांचे, चांगल्या दमाचे दहा महिने आपण विकतो, आणि ते पैसे हाती पडतात अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी.

त्या वयात काय होतं, ते मला कैलास-मानसरोवरच्या इच्छुकांनी शिकवलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेला वयाची अट १८ ते ७० आहे. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ च्या वर चालत नाही. दिल्लीत वैद्यकीय तपासणी, उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीच्या वाटेवर गुंजी गावात पुन्हा तपासणी, कारण चढाई साडेएकोणीस हजार फुटांपर्यंत जाते. २०२० साली ही यात्रा बंद झाली, ती थेट २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली. २०१९ साली जे सदुसष्ट वर्षांचे होते आणि ‘एकदा नातवाची मुंज झाली की’ म्हणत होते, त्यांच्यासाठी ते दार तेवढ्या काळात कायमचं बंद झालं. त्यांनी काही चूक केली नव्हती. वय आपल्या गतीने वाढलं आणि वाट आपल्या कारणांनी बंद राहिली. यात्रा सुरू झाली त्या वर्षी ७५० जागांसाठी साडेपाच हजारांहून जास्त अर्ज आले, निवड संगणकाच्या सोडतीने झाली. म्हणजे निघायचं ठरवल्यावरही एकदोन वर्षं हातची राखावी लागतात, हे सत्तरीला टेकलेल्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूने बघू. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ऐन पेरणीच्या दिवसांत, हातात फारसा पैसा नसताना, लाखो माणसं पायी जातात. ज्याच्याकडे सवड सगळ्यात कमी, तो शेतकरी तिथे सगळ्यात पुढे. कसं जमतं? आषाढी एकादशी कुणाच्या सोयीने सरकत नाही. दिंडी ठरलेली, सोबत ठरलेली. राहिलेली पेरणी भावाला नाहीतर शेजाऱ्याला सांगून माणूस निघतो आणि घरात कुणी ‘का जातोस’ असं विचारत नाही. वारीला घराची आणि गावाची संमती आधीपासून असते. ‘मला हिमालय बघायचाय’ याला ती नसते. लग्नाला जा, देवाला जा, बारशाला जा, कुणी अडवत नाही. नुसतं बघायला जायचं म्हटलं की कारण द्यावं लागतं. ते कारण देण्याचा संकोच आपण ‘वेळ नाही’ या शब्दांआड ठेवतो.

हा संकोच बायकांच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतो, आणि मला आज खरं तर याच्याचबद्दल बोलायचं होतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. या २९९ मिनिटांना अर्जित रजा नाही, निवृत्तीचं वय नाही. नवरा रिटायर होतो त्या दिवसापासून घरात दुपारच्या चहाचं एक काम वाढतं. तेव्हा ‘रिटायर झाल्यावर जाऊ’ हे तिच्यापुरतं कधीच न उगवणाऱ्या दिवसाचं नाव असतं. माझ्याकडे एकट्या येणाऱ्या बायकांना पहिले दोन दिवस घरून फोन येत राहतात. कणीक किती भिजवायची, सिलिंडरचा नंबर कुठे लावायचा, बाबांची गोळी जेवणाआधी की नंतर. तिसऱ्या दिवसापासून फोन कमी होतात. घर चालतं. ते चालतं हे तिला आणि घरच्यांना एकाच वेळी कळतं, आणि दुसऱ्या सहलीला तीच बाई कुणाला न विचारता, तारीख सांगून निघते.

कैलासचा अर्ज भरायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर पासपोर्ट काढून त्याची मुदत बघा. मुदत संपत आली असेल, तर आधी नूतनीकरणाची अपॉइंटमेंट घ्या, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि रोजचं चालणं उद्यापासूनच वाढवा. कागदपत्रांबद्दल काही विचारायचं असेल, तर कार्यक्रमानंतर मी इथेच आहे.