शेवटची पोळी

(दृश्य : पहाट. इंदूरच्या रामबागेतली गल्ली. बंद दुकानाच्या पायरीवर अंगाचं वेटोळं करून झोपलेला तांबूस कुत्रा. वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या जाळीआड, राखाडी मांजर.)

सकाळचे सहा. कोपऱ्यावरच्या टपरीत पोह्यांची परात वाफेवर चढली आहे. खाली आहे तो तांबू, वर बसली आहे ती ठमी. दोघांची रोज याच वेळेला नजरानजर होते. तांबू एक कान उभा करतो, ठमी शेपटीचं टोक हलवते, आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात.

यांचं वैर फार जुनं. सिंधमध्ये चन्हुदडो नावाची हडप्पाकालीन वस्ती आहे. अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 मध्ये तिथे खोदकाम केलं, तेव्हा एक वीट सापडली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं होतं आणि त्याच्या मागोमाग एक कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे विटेत तसेच भाजले गेले. चार हजार वर्षांहून जुनी ती धावपळ. कुत्र्याला मांजर सापडलं की नाही, हे मात्र विटेवर नाही.

लोक मला विचारतात, "घरात काय आणावं? कुत्रा की मांजर?" मी उलट विचारते, "तुमच्याकडे मांस-मासळी शिजते का?" लोकांना वाटतं, मी विषय बदलते आहे. मी विषयावरच असते. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी आमच्या वाड्यात जावं लागेल.

(दृश्य : राजवाड्याची दर्शनी बाजू. खालचे दगडी मजले, वरचे लाकडी. कॅमेरा मागच्या गल्ल्यांकडे वळतो.)

राजवाड्याच्या मागे आमचा वाडा होता. लाकूड, माती, चुना. माजघराला लागून धान्याची कोठी, वर अंधारा माळा. जिथे कोठी तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर. ते कुणी आणलं नव्हतं, कुणी पाळलंही नव्हतं. ते वाड्याचंच होतं. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आजी म्हणायची. भाडेकरू बदलले तरी मांजर तेच राहायचं. मांजरी पिल्लांना तोंडात धरून या खोलीतून त्या खोलीत न्यायची, आणि आम्ही मुलं तिची सात घरं मोजायचो.

कुत्रा दारात. तो गल्लीचा. सकाळची पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हा नियम माळव्यात हिंदी घरांत आहे तसा आमच्याही घरात होता. त्यात उपकाराची भावना नव्हती. श्राद्धाच्या दिवशी पानं वाढताना गायीचा घास निघतो, कावळ्याचा निघतो, तसा कुत्र्याचाही निघतो. आणि इंदूर तर होळकरांचं. त्यांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा; राजवाड्यातही मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. दत्ताच्या पायाशी तर चार. रायगडावर वाघ्या कुत्र्याचं जे स्मारक 1936 मध्ये उभं राहिलं, त्याला देणगी आमच्या तुकोजीराव होळकरांची. वाघ्या खरा की दंतकथेतला, यावर अभ्यासकांचा वाद आहे आणि तो त्यांनी घालावा. मला एवढंच दिसतं की कुत्र्याच्या नावाने स्मारक करायला पैसे द्यावेत, असं इंदूरच्या एका राजाला वाटलं होतं.

मांजराच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. ते आडवं गेलं की माणसं चार पावलं मागे येतात.

तर वाड्यात मांजर आत, कुत्रा दारात. "हा की तो" असा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. वाडा पडला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, आणि प्रश्न पडला.

(दृश्य : जुना फोटो. फ्रॉकमधली मुलगी, मांडीवर पांढरी मांजर. फोटो थोडा वेळ स्थिर.)

ही मनी. वाड्यातली शेवटची मांजरी. आम्ही तिला टोपलीत घालून नव्या घरी आणलं. तिथे कोठी नव्हती, माळा नव्हता, उंदीर नव्हते. आमचं घर पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. मनीला आम्ही दूधभात दिला. दूधपोळी दिली. साय दिली. प्रेमाने दिली. पुस्तकातलं मांजर दूधच पितं, मग आमची मनी काय वेगळी?

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मनीचं पोट सतत बिघडायचं आणि आम्ही दूध पातळ करून द्यायचो. पण खरी गोष्ट त्याहून मोठी होती. मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य हृदयाला आणि डोळ्यांना लागतं. आपलं शरीर ते तयार करतं, कुत्र्याचंही बहुधा करतं. मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही. त्याला ते मांसातून, मासळीतून मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांतला पडदा झिजत जातो, हृदयाचे स्नायू पातळ होऊन सैल पडतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 मध्ये या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. गाजर खाऊन आपल्याला अ जीवनसत्त्व मिळतं, मांजराला तेही जमत नाही.

मग वाड्यातली मांजरं दूधपोळीवर कशी जगली? ती दूधपोळीवर जगलीच नाहीत. ती उंदरांवर जगली. उंदरात टॉरिन भरपूर असतं. आम्हाला मात्र वाटत राहिलं की त्यांना आमचं ताट पोसतं आहे.

मनी डोळ्यांनी गेली नाही, हृदयानेही नाही. एका पावसाळ्यात तिला ताप आला. अंग गरम, खाणं बंद. घरात तापाची गोळी होती, तीच आपण सगळे घेतो ती पॅरासिटामॉल. माणसाच्या लेकराला देतो, मग हिला का नको, असं म्हणून अर्धी गोळी दुधात कुटून दिली. मीच धरलं होतं तिला. रात्री तिचा चेहरा सुजला, पंजे सुजले, हिरड्या काळपट निळ्या झाल्या. सकाळी ती नव्हती.

मांजराचं यकृत ही गोळी पचवून बाहेर टाकू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच जाते. एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. आमच्याकडे अर्धी पुरली.

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आजी सांगायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. मी त्या वेळी दहा वर्षांची होते, आणि कितीतरी दिवस हिशेब करत होते की सोन्याचं मांजर केवढ्याला पडत असेल.

(दृश्य : काही सेकंद नुसती पावसाची रिपरिप. मग पुन्हा गल्ली, दिवस वर आलेला.)

आता तांबूकडे येऊ.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवायची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आली आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे शेतीच्या धान्यातला वाटा त्याच्या अंगी लागला. नामदेवांची पोळी घेऊन पळालेला कुत्रा आठवा, आणि त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. पोळी त्याला खरंच पचत होती.

म्हणून शाकाहारी घराला मी कुत्रा सुचवते. नुसत्या दूधपोळीवर त्याचंही भागत नाही. वरण, भात, पनीर, दही, चालत असेल तर अंडं, आणि हे किती व कसं ते पशुवैद्याला विचारून. आमच्या शेजारीच महूला 1955 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा इंदूरकरांनी "इकडे विचारायचं कुणाला" असं म्हणू नये. कांदा मात्र कधीच नाही, लसूण नाही. त्याने कुत्र्याच्या आणि मांजराच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका नाही, चॉकलेट नाही. इंदुरी पोह्यांवर कच्चा कांदा असतो. उरलेली प्लेट प्रेमाने कुत्र्यापुढे सरकवणारे हात मी रोज बघते. टपरीवाल्या भियाने आता स्वतःच पाटी लावली आहे: इनको पोहे मत खिलाओ. पाटीखाली तो बिस्किटं नाही, पाण्याचं भांडं ठेवतो. उन्हाळ्यात त्याचं मोल फार.

उन्हाळ्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो. बर्फाळ प्रदेशासाठी बनलेलं दुहेरी केसांचं कुत्रं फोटोत बघून इथे आणू नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. तांबूसारखा गल्लीतला कुत्रा या हवेचाच आहे. आखूड केस, लांब नाक, चिवट पोट. पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस वेळेवर द्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजरालासुद्धा, रेबीज मांजराच्या चाव्यानेही होतो. चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेत घेतली तर वाचतो.

(दृश्य : टिळकनगर. संध्याकाळ. एक वयस्क गृहस्थ आणि तोंडावर पांढरी लव आलेला कुत्रा, दोघंही सावकाश चालताना.)

हे काका एकटे राहतात. मुलगा पुण्याला. काकू गेल्यावर वर्षभराने मुलाने त्यांच्यासाठी लॅब्रेडॉरचं पिल्लू पाठवलं. हेतू चांगला होता. पिल्लू वर्षभरात तीस किलोचं झालं. एका सकाळी ते मांजरामागे धावलं आणि पट्टा काकांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. मनगट मोडलं. पिल्लू दुसऱ्या घरी गेलं, आणि त्या दिवशी काका हातापेक्षा त्यासाठी जास्त रडले.

आता त्यांच्याकडे आहे ती गल्लीतलीच, सात-आठ वर्षांची, नसबंदी झालेली कुत्री. तिला धावायचं नाही. तिला दोन वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं आहे. त्यामुळे काकांनाही दोन वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं लागतं. भाजीवाला, औषधवाला, समोरच्या वाडीतली मुलं, सगळे तिच्या नावाने हाक मारतात आणि मग काकांशी बोलतात. काकू गेल्यावर वर्षभर हा माणूस जिना उतरला नव्हता. मांजराने त्यांना जिना उतरवला नसता. हे मांजरावर जीव असणारी मी सांगते आहे.

वयस्क माणसाला पिल्लू देऊ नका, मोठा झालेला, शांत कुत्रा द्या. आणि सोसायटी आडवी आली तर घाबरू नका; पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. जिना घाण झाला तर तो पुसायची जबाबदारी मात्र आपली.

दोघंही नोकरीला आणि घर दिवसभर कुलूपबंद असेल, तर कुत्रा आणू नका. तो दारामागे उभा राहून रडतो. शेजाऱ्यांना ते भुंकणं वाटतं. तिथे मांजर बरं, दिवसाचे बारा-चौदा तास झोपणारं. पण गॅलरीला जाळी लावून, आणि ताटाची तयारी ठेवून. मांजराला माणसाची ओढ नसते, हे कुणी सांगितलं तर मानू नका. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाने 2019 मध्ये मांजरांची परीक्षा घेतली. मालकाला थोडा वेळ दूर करून परत आणलं. साधारण 65 टक्के मांजरं मालक परत आल्यावर निवांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. आईजवळ निर्धास्त असलेली लहान मुलं अशीच वागतात.

(दृश्य : घराचं स्वयंपाकघर. मग गॅलरी. कोपऱ्यात छोटी शेगडी आणि त्यावर झाकलेलं पातेलं.)

ठमी आमच्याकडे आली ती अशीच, पावसात, मीटरच्या पेटीमागे ओरडत. मनीनंतर सव्वीस वर्षांनी. मी आईला म्हटलं, ठेवायची तर दूधभातावर नाही ठेवायची. आई गप्प बसली. दोन दिवस तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी तयार खाद्याचं पाकीट मागवायला सांगितलं, आणि चष्मा लावून त्यावर टॉरिन लिहिलं आहे का ते शोधत बसली.

पुढे डॉक्टरांनी अधूनमधून उकडलेली कोंबडी द्यायला सांगितली. मीठ नाही, मसाला नाही, कांदा नाही. आईने जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं. तिने गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं, वेगळा चिमटा. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून उभी होती. आता घड्याळ बघून झाकण काढते, गार होऊ देते, हाडं वेगळी करते. देवघरात जाण्याआधी आंघोळ करते. त्याबद्दल आम्ही कुणी काही बोलत नाही.

(दृश्य : रात्र. तव्यावर शेवटची पोळी.)

साडेनऊ. ठमीची वाटी चाटून साफ. आई शेवटची पोळी तव्यावरून उतरवते, तिला तूप लावते, चार तुकडे करते, आणि गुडघ्यावर हात ठेवून जिना उतरते. खाली तांबू उठून उभा राहिला आहे.