ठोके मोजले, कॅलरी मोजल्या का?

व्याख्यान सुरू होण्याआधी प्रश्नांच्या काही चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. त्यातली एक आधी वाचतो, कारण आजचा बहुतेक विषय तिच्यातच आहे. ‘आम्ही दोघं रोज बरोबरीनं तासभर चालतो. घरी आल्यावर माझं घड्याळ २४० कॅलरी दाखवतं, यांचं ३८०. खरं कोणाचं समजायचं?’

ताई, थोडा फरक खरा असू शकतो. यांचं वजन तुमच्याहून जास्त असेल, तर तेवढंच चालायला त्यांना जास्त ऊर्जा लागणारच. पण २४० हा आकडा मोजलेला नाही आणि ३८० हाही नाही. घड्याळानं मोजले ते ठोके. कॅलरी त्यानं ठोक्यांवरून अंदाजानं काढल्या. हा अंदाज मोजमाप समजून लोक जेवणाचा हिशेब मांडतात, कमी आकडा दिसला की स्वतःला बोल लावतात. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून आज बोलायला उभा आहे.

ठोक्यांचं आधी थोडक्यात सांगतो. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीनं असं बिनतारी यंत्र १९८२ साली बाजारात आणलं. मनगटावरच्या घड्याळाची रीत वेगळी आहे. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो प्रकाश शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त किंचित कमीजास्त होतं, म्हणून परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. घड्याळ सैल बांधलं, मूठ घट्ट आवळली, की ही पद्धत गडबडते. कधीकधी तर धावणाऱ्याची पावलंच ठोके म्हणून मोजली जातात. तरीही ठोके मोजण्याचं काम ही यंत्रं एकंदरीत चांगलं करतात.

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटांवर सात प्रकारची उपकरणं तपासली. माणसं चालली, धावली, त्यांनी सायकल चालवली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत अचूक ठरलेलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. मनगट तेच, माणूस तोच, ठोके जवळजवळ बरोबर, आणि कॅलरी इतक्या चुकीच्या! तेव्हापासून उपकरणं बदलली आहेत. पण चुकीचं मोठं कारण उपकरणात नाहीच, ते आपल्या शरीरात आहे.

मग कॅलरी खरोखर मोजतात कशा? १७८२-८३ च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला यावरून त्यांनी उष्णता मोजली आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी ताडून पाहिली. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हे त्यातून पुढं आलं. आजही प्रयोगशाळेत आपण तोच धागा धरतो. नाकातोंडावर मास्क लावतो, आणि माणूस किती ऑक्सिजन घेतो व किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते पाहतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च झाल्या. रोजच्या बोलण्यात आपण किलोकॅलरीलाच कॅलरी म्हणतो, मीही तसंच म्हणणार आहे.

म्हणजे कॅलरी हव्या असतील तर ऑक्सिजन कळायला हवा. घड्याळाला तो कळत नाही. त्याला फक्त ठोके कळतात. या दोहोंचं नातं १८७० साली आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं. शरीरानं वापरलेला ऑक्सिजन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: मिनिटाला ठोके किती, दर ठोक्याला हृदय रक्त किती फेकतं, आणि त्या रक्तातला किती ऑक्सिजन शरीर काढून घेतं. विहिरीतून किती पोहरे ओढले हे मोजलं, पण पोहरा केवढा आणि तो कितपत भरला हे पाहिलंच नाही, तर पाणी किती निघालं ते कसं सांगणार? घड्याळ पोहऱ्यांची संख्या मोजतं, बाकीचं गृहीत धरतं.

आकडे घालून पाहू. दोघांचेही ठोके मिनिटाला १४० आहेत. एकाचं हृदय ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त फेकतं, म्हणजे मिनिटाला १४ लिटर. लिटरमागे १३० मिलिलिटर ऑक्सिजन काढला गेला तर मिनिटाला सुमारे १.८ लिटर, म्हणजे नऊ कॅलरी. दुसरा वर्षानुवर्षं धावणारा आहे, त्याचं हृदय ठोक्याला १५० मिलिलिटर फेकतं. बाकी सगळं तेच ठेवलं तरी याचा खर्च मिनिटाला साडेतेरा कॅलरींच्या पुढं जातो. ठोके दोघांचे सारखेच!

उपकरणं बनवणारे लोक ही दरी सरासरीनं भरून काढतात. त्यांची स्वतःची सूत्रं बहुधा गुप्त असतात, पण २००५ साली किटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली समीकरणं सर्वांसमोर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वापरली जातात. ठोके, वजन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं घातलं की उत्तर मिळतं. नियमित व्यायाम करणाऱ्या ११५ जणांना ट्रेडमिलवर आणि सायकलवर तपासून ती बेतली होती. काम प्रामाणिक आहे. पण ती कशासाठी बेतली हे विसरलं की काय होतं पाहा. सत्तर किलोचा, चाळीस वर्षांचा पुरुष घ्या. ठोके १४० असतील तर समीकरण मिनिटाला सुमारे १३ कॅलरी देतं. आता तोच माणूस खुर्चीत बसला आहे, कसल्याशा वाईट बातमीची वाट पाहतो आहे, आणि ठोके १०० वर गेले आहेत. समीकरण म्हणतं मिनिटाला ७ कॅलरी. बसलेल्या सत्तर किलोच्या माणसाचा खर्च असतो मिनिटाला साधारण सव्वा कॅलरी. भीतीनं तो थोडा वाढेल, सहापट नाही होणार. अर्धा तास अशा काळजीत गेला तर कागदावर दोनशेहून जास्त कॅलरी जमा होतात, स्नायू न हलवता.

भीती हे एक कारण. उष्ण हवेत रक्त त्वचेकडे वळतं, घामानं शरीरातलं पाणी घटतं, दर ठोक्याला कमी रक्त फेकलं जातं, आणि ती भर काढायला ठोके वाढतात. तासभर एकाच वेगानं धावलात तरी शेवटच्या वीस मिनिटांत घड्याळ जास्त कॅलरी मोजतं. काम मात्र जवळजवळ तेच असतं. जड वजन उचलताना रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढतात, ऑक्सिजनचा खप त्या मानानं चढत नाही. तेवढंच काम पायांऐवजी हातांनी केलं तरी ठोके जास्त पडतात.

उलट्या दिशेनंही चूक होते, आणि तीच मला जास्त टोचते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्या साठीच्या एक बाई माझ्याकडे येत. या गोळ्यांनी ठोके दबतात. त्या चढावर घाम निघेपर्यंत चालत आणि घड्याळ अगदी किरकोळ आकडा दाखवी. ‘मी अंग चोरते का हो?’ असं त्यांनी मला विचारलं होतं. रात्रीचं जेवण त्यांनी अर्ध्यावर आणलं होतं. मास्क लावून चालवलं, तर ऑक्सिजनचा खप त्या वेगाला, त्या वजनाला साजेसा निघाला. गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांना सांगतो, आकडा वाढावा म्हणून औषधाला हात लावू नका. तुमच्याबाबतीत तो आकडा निरर्थक आहे.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. बरीच यंत्रं दाखवतात तो एकूण खर्च. तो तास तुम्ही नुसते बसून काढला असतात तरी साठसत्तर कॅलरी गेल्याच असत्या. त्या धरून आलेला आकडा ‘व्यायामानं जाळलेल्या कॅलरी’ म्हणून मोजला, तर सुरुवातच चुकीची होते.

दुसऱ्या चिठ्ठीत विचारलं आहे, मग हे यंत्र काढून ठेवायचं का? मुळीच नाही. एका लयीत, मध्यम वेगानं धावताना किंवा सायकल चालवताना अंदाज बरा येतो. प्रयोगशाळेत आधी तुमचेच ठोके आणि तुमचाच ऑक्सिजन यांचं नातं आखून घेतलं, तर तो आणखी सुधारतो. मोठ्या गटाच्या सरासरीसाठी ही पद्धत अभ्यासक वापरतात, कारण तिथं चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. एकट्या माणसाची चूक खोडायला दुसरं कोणी नसतं. धावणाऱ्यांना तर ठोक्यांचीही गरज नाही: सपाटीवर किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक कॅलरी. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की साडेतीनशे. सायकलवाल्यांकडे पॉवर मीटर असेल तर तो पॅडलवर झालेलं काम खरोखर मोजतो, आणि त्यावरून काढलेल्या कॅलरी ठोक्यांवरून काढलेल्यांपेक्षा कितीतरी विश्वासाच्या असतात.

आता पुन्हा ताईंच्या चिठ्ठीकडे येतो. तुमची घड्याळं एकमेकांशी ताडू नका. प्रत्येकानं आपलीच नोंद ठेवा: तीच वाट, तोच वेग, आणि त्या वेगाला सरासरी ठोके किती. असेच चालत राहिलात तर काही महिन्यांनी हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू लागेल आणि त्याच वाटेवर ठोके कमी पडतील. वजन तेच असेल तर ऊर्जा जवळपास तेवढीच लागेल, पण घड्याळ २४० च्या जागी कदाचित २१० दाखवेल. त्या दिवशी जेवण कमी करू नका, आणि चालण्यात कमी पडलो असंही समजू नका. ते तीस कमी झाले, कारण तुमचा पोहरा मोठा झाला.