पेटीसकट की नुसते आंबे?

नमस्कार मंडळी. चिपळुणात उभं राहून फायलींच्या प्रतींबद्दल बोलायचं तर 22 जुलै 2021 पासूनच सुरुवात करावी लागते. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझा एक व्यापारी मित्र हिशेबाची दुसरी प्रत न चुकता ठेवायचा. वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. ती डिस्क मात्र संगणकाच्याच टेबलाच्या खणात असायची. दोन्ही एकाच पाण्याखाली गेली. 2005 चा पूर पाहिलेला माणूस. त्याच्या शिस्तीत काही कमी नव्हतं, जागा चुकली होती. म्हणून माझा आग्रह आहे, एक प्रत गावाबाहेर हवी. मुंबईला भावाकडे असो, नाहीतर घाटावर कऱ्हाडला. ती तिथवर धड पोचवायची कशी, एवढंच आज बोलतो.

घरातल्या घरात कॉपी करायला लिनक्सवर सीपी ही आज्ञा आहे. फोल्डर असला की बहुतेक जण त्याला हायफन आर लावतात आणि फायली जातातही. पण प्रत्येक फायलीवर तारीख आजची पडते. गावच्या पालखीचे पंधरा वर्षांचे फोटो असे कॉपी केलेले मी पाहिलेत. कोणता फोटो कोणत्या शिमग्याचा, हे फायलीच्या तारखेवरून कळायचं, ते कायमचं गेलं. हायफन आरच्या जागी हायफन ए लिहिलं असतं तर तारखा, परवानग्या, लिंका सगळं जसंच्या तसं आलं असतं. एका अक्षराचा फरक आहे.

दुसऱ्या मशीनवर पाठवायचं तर एससीपी ही आज्ञा. ते एसएसएचच्या, म्हणजे दोन मशीनमधल्या सांकेतिक जोडणीच्या, बंद नळीतून जातं, म्हणून वाटेत कुणाला वाचता येत नाही. एखादी फाईल पाठवायला उत्तम. पण आपल्याकडे जूनमध्ये वारा सुटला, माड तारेवर पडला, की लाईट जाते आणि मागोमाग रेंजही. चार जीबीची फाईल साडेतीनवर तुटली तर एससीपी पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरू करतं. कोकणातल्या पावसाळ्यात असं हत्यार पुरत नाही.

म्हणून आरसिंक, दोन जागच्या फायली जुळवून घेणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 साली ते लोकांपुढे ठेवलं. ट्रिजेल यांनी 1999 च्या आपल्या पीएचडी प्रबंधात त्यामागची पद्धत मांडली. ती पद्धत मला फार सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा, भजनी मंडळाची एक वही गावात आहे आणि तिचीच जुनी नक्कल मुंबईतल्या मंडळाकडे आहे. गावच्या वहीत मध्येच दोन नवे अभंग घातले. आता फोनवरून मुंबईची वही पुरी करायची आहे. अख्खी वही वाचून दाखवणं वेडेपणाचं. पानं जुळवायला गेलात, तर नव्या अभंगांमुळे पुढचं प्रत्येक पान सरकलेलं. आरसिंक काय करतं? मुंबईकडचं मशीन आपल्या जुन्या फायलीचे सारख्या मापाचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा गावाकडे पाठवतं: एक पटकन काढता येणारी, एक पक्की. गावाकडचं मशीन आपल्या फायलीवर तेवढ्याच मापाची खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत जातं. खिडकी सरकली की पटकन खूण नव्याने काढावी लागत नाही. मागचा बाइट वजा, पुढचा जमा. ही खूण जुळली तरच पक्की तपासायची. जुळलेल्या तुकड्यांचा नुसता क्रमांक कळवायचा, आणि तारेवरून खरोखर जातात ते नवे दोन अभंग आणि कडेचा थोडा मजकूर.

हा फायदा मधे मधे बदलणाऱ्या फायलींना. स्कॅन केलेली चित्रं सहसा बदलतच नाहीत. तिथे आकार आणि तारीख जुळली की आरसिंक ती फाईल सोडून पुढे जातं. बघा, तारीख जपायचं आणखी एक कारण! रेंज गेली तर पुऱ्या पोचलेल्या फायली तिकडे राहतात; अर्धवट फाईल मात्र एरवी टाकून दिली जाते. तीही राखायची तर डबल हायफन पार्शल लिहा. मग पुढच्या वेळी त्या अर्ध्याचाही उपयोग होतो.

आता आमच्या मुलांना हमखास अडकवणारी गोष्ट: मूळ फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ, स्लॅश. रेघ नसेल तर आंबे पेटीसकट जातात, म्हणजे पलीकडे त्या नावाचा फोल्डर तयार होतो. रेघ असेल तर पेटी इथेच राहते आणि आंबे थेट पलीकडच्या फोल्डरात ओतले जातात. एकदा असं, एकदा तसं केलंत की पलीकडे आंब्यांच्या ढिगात एक पेटी, तिच्यात पुन्हा तेच आंबे.

डबल हायफन डिलीटबद्दल मात्र हात जोडून सांगतो. इथे जे नाही ते तिकडेही पुसून टाक, असा तो हुकूम आहे. मूळ डिस्क जोडायची राहिली आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर असला, तर आरसिंक इमानदारीने कऱ्हाडची प्रतही रिकामी करील. आधी हायफन एन लावून चालवा. त्याने काहीच बदलत नाही, काय होणार ते फक्त दाखवतं. त्याच्या जोडीला हायफन आय द्या, म्हणजे कोणत्या फायलीत काय बदलणार याची यादी येते; ती डोळ्यांनी वाचा.

पेनड्राइव्हवर कॉपी केलीत तर तो रीतसर अनमाउंट करूनच, म्हणजे संगणकाला आधी सोडायला सांगूनच, काढा. पडद्यावर काम संपलेलं दिसलं तरी मजकूर अजून मेमरीतच असू शकतो. आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी, हायफन ए, एन, सी आणि आय ही चारही अक्षरं लावून आरसिंक चालवा. सी लावल्यावर ते आकार-तारखेवर विसंबत नाही, दोन्हीकडची प्रत्येक फाईल आतून वाचून पडताळतं. वेळ लागतो, रात्रभर चालू द्या. सकाळी पडद्यावर एकाही फायलीचं नाव नसेल, तर इथलं सगळं तिथे आहे. एखादं नाव दिसलं, तर पाऊस पडायला अजून काही दिवस हातात असतील.